बाटली काळी झाली, पण कुणामुळे?

'मॅडम, सप्रेम नमस्कार. आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात. घरामागून ओढा जातो, ओढ्यापासून वीसेक पावलांवर आमची पिण्याच्या पाण्याची विहीर. दोन वर्षं झाली, पावसाळा लागला की घरातल्या लेकरांना हगवण. ग्रामपंचायतीत पाणी तपासायच्या बाटल्या आल्या होत्या, म्हणून मी ओढ्याचं पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काळीकुट्ट. वरच्या अंगाला आमच्या चुलत दिरांचा म्हशींचा गोठा आहे. मी बाटली नेऊन दाखवली तर तिथंच भांडण झालं, आता बोलणं बंद. सरपंच म्हणतात, ओढ्याचं पाणी पितंय कोण. आमचे मालक म्हणतात, पाच किलो टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणून ओढ्यात टाकू. गोठ्यामुळंच होतंय हे सिद्ध कसं करायचं? आणि पावडर किती टाकायची? – एक भगिनी'

ताई, लेकरं पाणी कुठलं पितात? विहिरीचं. आणि बाटलीत भरलंत कुठलं? ओढ्याचं. भांडण झालं ते ओढ्याच्या बाटलीवरून, आणि विहिरीची बाटली अजून कुणी भरलेलीच नाही.

सरपंचांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, पण ओढ्याचं पाणी विहीर पिते आणि विहिरीचं तुम्ही. वीस पावलं म्हणजे पन्नासेक फूट. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. वाळूच्या थरातून पाणी गाळून येतं तसं मुरमातून आणि भेगांतून येत नाही, सरळ येतं. पावसाळ्यात ओढा तुडुंब असतो आणि विहिरीची पातळी त्याच्या खाली, मग पाणी ओढ्याकडून विहिरीकडं सरकतं. उन्हाळ्यात ओढा कोरडा, लेकरंही ठणठणीत. तुमच्या 'पावसाळा लागला की' या तीन शब्दांत निम्मं उत्तर आहे.

तेव्हा उद्याच्या उद्या दोन बाटल्या भरा. एक विहिरीतून, एक घरातल्या माठातून. विहीर स्वच्छ आणि माठ काळा निघाला तर दोष तांब्याचा, माठात बुडणाऱ्या हाताचा. हे शहरवाल्यांनाही लागू आहे बरं का. सोलापुरात चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळ येतो, पाणी पिंपात आणि टाकीत साठतं, आणि लोक मला उजनी धरणाच्या पाण्याबद्दल पत्रं लिहितात. पिंपाचा तळ बघितलाय का, असं विचारलं की पुढचं पत्र येत नाही.

निकाल येईपर्यंत लेकरांना उकळलेलं पाणी. उकळलेलं म्हणजे खळखळ उकळी फुटलेलं, कोमट नव्हे. जुलाब लागले की ओआरएस लगेच, आणि झिंकच्या गोळ्या चौदा दिवस; दोन्ही आशाताईंकडं मिळतात. शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लेकरू पाणीच पिईना, तर माझं उत्तर बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

आता मालकांचं पाच किलो टीसीएल.

ओढ्यात अजिबात टाकू नका. हिशोब करूनच सांगते. ओढा सहा फूट रुंद, पाणी अर्धा फूट, आणि वाळलेलं पान टाकलं तर ते सेकंदाला एक फूट पुढं जातंय असं धरा. हा काही मोठा ओढा नव्हे. तरी त्यातून सेकंदाला ८५ लिटर पाणी जातं, दिवसाला ७३ लाख लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅमच्या मापानं रोज ३६ किलोच्या वर पावडर लागेल, आणि दुसऱ्या दिवशी पाणी नवीन. गाळ, शेण, पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो ते वेगळंच. जंतू राहतील, मासे आणि बेडूक मात्र मरतील. पाच किलोत तुमची विहीर कितीतरी दिवस सांभाळली जाईल, ती तिकडं वापरा.

विहिरीचं माप असं. व्यास फुटांत मोजा, त्याला व्यासानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा आणि शेवटी २२ नं. लिटर निघतात. सोळा फुटी विहिरीत बारा फूट पाणी असेल तर सुमारे ६७ हजार ५०० लिटर, म्हणजे ३४० ग्रॅमच्या आसपास पावडर. ही मात्रा ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरची. पोतं उघडं पडून महिने झाले असतील तर त्यात चुनाच उरतो, लोक टाकत राहतात आणि समाधान मानतात. पावडर थेट विहिरीत भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, बादली पाऊण भरेल इतकं पाणी घाला, ढवळा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोराला बांधून विहिरीत सोडा आणि खालीवर, खालीवर हलवत ओता. तळाचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. एका बादलीला शंभर ग्रॅमहून जास्त घेऊ नका, म्हणजे तुमच्या चार बादल्या होतील. तासाभरानं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला (पाण्याची देखभाल करणाऱ्याला) बोलवून ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी, करून घ्या. नळीत पिवळी झाक आली तर क्लोरीन शिल्लक आहे. काहीच रंग आला नाही, तर विहिरीतल्या घाणीनंच सगळं क्लोरीन संपवलंय, मात्रा वाढवावी लागेल.

एवढं झालं की घरातली लेकरं सांभाळली गेली. आता भांडणाकडं वळू.

ती बाटली काय सांगते ते आधी समजून घ्या. आतड्यात राहणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, बाटलीतल्या औषधातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि पाणी काळं पडतं. ही हो-नाही सांगणारी चाचणी आहे. किती आणि कुणाचे, हे ती सांगत नाही. उघड्यावर वाहणाऱ्या कुठल्याही ओढ्याचं पाणी भरा, बाटली बहुतेक काळीच होणार. बगळे, शेळ्या, कुत्री, म्हशी, सगळ्यांचं आतडं एकाच कामाला लागलेलं. (आणि हो, ती बाटली भाऊजींच्या अंगणात नेऊन उघडली नसेल अशी आशा करते. काळ्या बाटलीत जंतू वाढून कोट्यवधी झालेले असतात. ब्लीचिंगचं दाट पाणी घालून थोडा वेळ ठेवायची आणि मगच खड्ड्यात पुरायची.)

म्हणून ओढ्याच्या बाबतीत प्रश्न 'आहेत का' हा नसतो, 'किती आणि कशासाठी' हा असतो. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही सापडता कामा नये. आंघोळीच्या नदीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष वेगळा आहे: विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू (ई. कोलाय त्यांतलाच) १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असावेत, आणि कमाल २,५००. तुमच्या ओढ्यात ४०० निघाले तर पोरांनी डुंबायला हरकत नाही, प्यायला मात्र ते पाणी विषच. हा आकडा प्रयोगशाळेत निघतो, एमपीएन (सर्वांत संभाव्य संख्या) पद्धतीनं. नमुन्याचे वेगवेगळे भाग बऱ्याच नळ्यांत घालतात, ऊब देतात, आणि किती नळ्यांत वायू धरला यावरून तक्ता बघून अंदाज काढतात. अंदाजच तो. एका ठिकाणी ९०० आणि दुसऱ्या ठिकाणी १,१०० आले म्हणून 'बघा, वाढले' असं कुणी म्हणू लागलं तर ऐकू नका. दुप्पट फरक सोडून द्या, दहापट फरक दिसला तर उठून बसा.

मी सत्तावीस वर्षं पाणी तपासण्याच्या कामात काढली. त्यातलं एक प्रकरण सांगते. गावाचं नाव नको. तिथंही ओढा, तिथंही वरच्या अंगाला गोठा आणि तिथंही अख्खं गाव गोठेवाल्यावर उठलेलं. आम्ही गोठ्याच्या खाली बाटली भरली. गोठ्याच्या वर एक भरली ती केवळ रीत म्हणून. निकाल आला तर वरची बाटली खालच्याइतकीच घाण. मग वर वर चालत गेलो. फर्लांगभरावर रस्त्याची मोरी, मोरीशेजारी चिखलात जड गाडीच्या टायरचे ताजे माग, आणि वास असा की सोबतचा शिपाई रुमाल शोधायला लागला. सेप्टिक टँक उपसणारा कुणीतरी रात्री तिथं टँकर मोकळा करत होता. गोठेवाल्याशी मात्र तोवर गावानं दोन वर्षं व्यवहार तोडलेला होता.

म्हणजे तुमचे भाऊजी निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. गोठ्याच्या वरची बाटली भरल्याशिवाय तुम्हालाही माहीत नाही. आधी कुठं, मग कोण.

एक दिवस सकाळी ओढ्याची फेरी मारा. गावाच्या वर जिथं वस्ती, गोठा, नाली काहीच नाही तिथपासून तुमच्या विहिरीपर्यंत. वहीत लिहा: कुठं नाली मिळते, कुठं उकिरडा काठाला टेकलाय, कुणाच्या संडासाचा पाइप काठातून डोकावतोय, म्हशी कुठं बसतात, कपडे कुठं धुतात. मग चार-पाच जागा ठरवा. प्रत्येक संशयाच्या जागेच्या थोडं वर एक आणि थोडं खाली एक. विहिरीजवळ एक. सगळे नमुने एकाच सकाळी घ्यायचे, आणि खालून वर चालत यायचं, म्हणजे तुमच्या पायानं ढवळलेला गाळ पुढच्या बाटलीत येणार नाही. गाळात जंतू बरेच दिवस टिकून राहतात.

बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्यायची. एक गृहस्थ आमच्याकडं घरची बाटली घेऊन आले होते. 'मॅडम, ब्लीचिंगच्या पाण्यानं तीनदा विसळलीय' असं अभिमानानं सांगत होते. निकाल आला शून्य. त्यांच्या विहिरीत मेलेलं मांजर सापडलं ते नंतर. तर, झाकण आतून हाताला लागू द्यायचं नाही, बाटली ओढ्यात विसळायची नाही, तोंड प्रवाहाकडं करून पृष्ठभागाच्या वीतभर खाली धरायची (पाणी उथळ असेल तर मध्यावर, तळाला टेकू न देता), वर थोडी हवा राहू द्यायची. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. उन्हात दुचाकीच्या डिकीतून हिंडवलेला नमुना मी कितीदा परत पाठवलाय त्याची गणती नाही.

आणि एकदा भरून भागत नाही. तीन वेळा भरा. पाऊस उघडून आठ दिवस झाले आहेत, ओढा संथ वाहतोय, तेव्हा एकदा. मोठा पाऊस पडून ओढ्याला पाणी चढलंय, तेव्हा त्याच दिवशी एकदा, पण काठावरून आणि जोडीनं. तुमच्या लेकरांइतक्याच तुम्ही महत्त्वाच्या आहात. आणि परतीच्या पावसानंतर एकदा. उघडीप असतानाही आकडा जास्त असेल तर काहीतरी रोज गळतंय: नाली, फुटका सेप्टिक टँक, काठावरचा संडास. पावसानंतरच उसळत असेल तर पाऊस जमिनीवरची घाण धुऊन आणतोय: गोठ्याचं अंगण, उकिरडा, उघड्यावर बसायच्या जागा. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. पहिल्यात पाइप शोधायचा, दुसऱ्यात उतार.

गुरांचं की माणसांचं, हे ई. कोलाय मोजून कळत नाही. त्यासाठी जिवाणूंचा डीएनए तपासणाऱ्या पद्धती आहेत, पण त्या गावाच्या खिशाच्या बाहेरच्या. एक स्वस्त युक्ती मात्र आहे. कपड्याच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं, ते सुती कापडाला चिकटतं आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली निळसर चमकतं. म्हशी पावडर वापरत नाहीत. कोऱ्या मांजरपाटाचा तळहाताएवढा तुकडा घ्या, आधी दिव्याखाली धरून तो चमकत नाही याची खात्री करा. जाळीच्या पिशवीत घालून नालीच्या खाली दगडाला बांधून चार-पाच दिवस ठेवा, दुसरा तुकडा नालीच्या वर. काढून साध्या पाण्यानं चिखल धुवा, सावलीत वाळवा, अंधाऱ्या खोलीत दिवा मारा. खालचा चमकला आणि वरचा नाही, तर घराघरांतलं सांडपाणी तिथं मिळतंय. बायका वर ओढ्यातच कपडे धूत असतील तर ही युक्ती फसते, ते आधी बघून घ्या. सोलापूरच्या माणसाला कापडाची परीक्षा मी काय शिकवावी, पण ही परीक्षा दुकानात होत नाही.

नमुने ग्रामपंचायतीच्या पत्रानं पाठवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पिण्याच्या पाण्याची तपासणी होते, तेव्हा विहिरीचा नमुना तर नक्की जायलाच हवा. ओढ्याच्या नमुन्यांसाठी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात चौकशी करा, शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी असं काही शोधतच असतात.

समजा गोठाच निघाला. तरी गोठा हलवा म्हणू नका, कुणीही हलवणार नाही. उकिरडा काठापासून मागं, चढावर घ्यायला सांगा. गोठ्याच्या ओढ्याकडच्या बाजूला एक आडवी चर आणि चरीपलीकडं हरळीचा नाहीतर वाळ्याचा पट्टा, पावसाचं पाणी तिथं अडखळतं आणि शेण मागं राहतं. म्हशींना पाण्यासाठी वेगळा हौद, म्हणजे त्या दिवसभर ओढ्यात बसणार नाहीत. शेण हा खताचा पैसा आहे, ओढ्यात वाहून जातोय तो त्यांचाच. भाऊजींना पटला तर हाच मुद्दा पटेल.

समजा संडास निघाला. शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट हवा, आणि भेगाळ मुरमात त्याहून लांब. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो, कारण ती माती भिजली की फुगते आणि पाणी पिणं थांबवते. मग लोक खड्ड्याला भोक पाडून पाइप ओढ्यात सोडतात. दोष द्यायला सोपं आहे, पण खड्डा काळ्या मातीच्या थराखाली मुरमापर्यंत नेऊन भोवती खडी भरावी, हे त्यांना बांधताना कुणी सांगितलेलं नसतं. नाल्यांच्या आणि शोषखड्ड्यांच्या कामाला ग्रामपंचायतीकडं वित्त आयोगाचा बंधित निधी असतो, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो. ग्रामसभेत 'दिरांचा गोठा' हा विषय मांडू नका. 'ओढ्याच्या पाच जागांचे आकडे' हा मांडा आणि सरपंचांना विहिरीच्या आकड्यानंच उत्तर द्या.

तुमच्या विहिरीचंही बघा. कठडा आहे का, भोवतीचा ओटा फुटलाय का, जो येतो तो आपला पोहरा सोडतो का. ओढा उद्या गंगेसारखा झाला तरी फुटक्या ओट्यावरून सांडलेलं पाणी परत आत जात असेल तर लेकरं आजारीच राहतील.

पोरांच्या पोहण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरामागं ओढा असताना ती पोहत नसतील यावर माझा विश्वास नाही. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात जाऊ देऊ नका, अंगावर जखम असेल तर अजिबात नाही.

राहता राहिलं बोलणं बंद. फेरीच्या दिवशी भाऊजींना नाही तर निदान जाऊबाईंना सोबत न्या. गोठ्याच्या वरची बाटली त्यांच्या हातानं भरू द्या, खालचीही. पहिल्यांदा नाही म्हणतील. मग म्हणा, 'वरचं पाणीच घाण निघालं तर तुमचंच नाव मोकळं होईल.' त्या बाटल्यांवर जागा, तारीख, वेळ पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई बर्फाच्या डब्यात पुसली जाऊ शकते. आकडे आले की मला परत लिहा. सोबत शेवटचा पाऊस कधी आणि किती पडला तेही कळवा, त्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ मला लावता येणार नाही.